लेन्सवरचा डोळा काढायचा नाही

पोरगी घरात नव्हती. पलंगाखाली नाही, मोरीत नाही, दाराच्या मागं नाही, आणि वरून खाली बघते तर फाटक सताड उघडं. पूजेच्या मांडवाचे बांबू त्या सकाळीच अंगणात आणून टाकले होते, त्या माणसांच्या जा-ये करण्यात ते उघडंच राहिलेलं. अडीच वर्षांची पोर. मी हाक मारली ती अशी की खालच्या काकिमा पिठाच्या हातांनी बाहेर आल्या, बांबूवाले उठले, समोरच्या घरातल्या बाई खिडकीत आल्या. आणि सगळे मोठ्या रस्त्याकडे धावले, कारण कलकत्त्यातल्या आमच्या बेहाल्यात पोर दिसेनासं झालं की पहिली धास्ती बसची.

मी उलट वर पळाले, गच्चीवर. का ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं. रोज सकाळी आम्ही दोघी तिथंच असायचो, एवढंच डोक्यात असेल. गच्चीवर तिची बाहुली पडली होती, ती नव्हती. आणि घराच्या मागं तळं. पावसानं काठोकाठ भरलेलं, निम्म्यावर जलपर्णी, आणि पलीकडच्या काठाला रानटी अळू, माणूस आत शिरला तर दिसणार नाही एवढं दाट. सगळे रस्त्याकडे गेलेले आणि तळ्याकडे कुणीच नाही. जिन्याच्या दाराशी खिळ्याला कॅमेरा लटकत होता, तो मी ओढून घेतला.

आता हे थोडं मागचं सांगते, नाहीतर वाटेल ही बाई वेडी की काय, पोर हरवलीय आणि कॅमेरा घेते.

मी सातवीपर्यंत शिकलेली. लग्न झालं, यांची बदली कलकत्त्याला झाली, आणि साताऱ्याकडची मी एकदम इथं आले. मला सगळ्याचीच भीती. भाषेची, बसची, लोडशेडिंगच्या अंधाराची, आणि पोर झाल्यावर तिच्या प्रत्येक खोकल्याची. भ्याले की मला धाप लागते, उभ्या उभ्या, चार पावलंसुद्धा न चालता. हे सकाळी खिदिरपूरला गोदीच्या ऑफिसात गेले की संध्याकाळपर्यंत मी आणि पोर. काकिमा म्हणजे आमच्या घरमालकीणबाई, खाली राहायच्या. त्या बोलायच्या, मी मान हलवायचे. त्या मला बऊमा म्हणायच्या, म्हणजे सूनबाई, आणि पोरीला खुकी, म्हणजे छकुली.

यांना पक्ष्यांचं वेड. कॅमेरा लग्नाआधीचा होता. लांबची लेन्स घ्यायची तर नवीचं नाव काढायची सोय नव्हती. मग एक दिवस खिदिरपूरच्या बाजारातून हे एक जुनी झूम लेन्स घेऊन आले, कुणा जहाजावरच्या माणसानं विकलेली. हातभर लांब वाटायची मला ती. नळी मागं ओढली की लांबचं जवळ येतं, पुढं ढकलली की परत लांब जातं. स्वस्तात मिळाली कारण नळी सैल झालेली. कॅमेरा खाली वळवला की ती आपल्या वजनानं पुढं घसरायची आणि समोरचा पक्षी लांब पळाल्यासारखा बारीक व्हायचा. मग यांनी सायकलच्या ट्यूबची कड्यासारखी एक चकती कापली आणि नळीवर घट्ट चढवली. गल्लीत लगेच नाव पडलं, तोफ. काकिमा विचारायच्या, आज तोफेनं किती कावळे मारले.

पण यांना चष्मा. चष्म्यानं डोळा नीट टेकेना, आणि एवढं वजन हातात घेतलं की यांचे हात थरथरायचे. तिकाटण्यावर ठेवावं तर पक्षी थांबतोय कशाला. एका रविवारी चिडून हे म्हणाले, धर तू. मी म्हटलं, मी काय करू त्याचं? तरी धरला. बगला आवळायच्या, कोपरं पोटाला चिकटवायची, डावा हात लेन्सच्या खाली तिचं ओझं घ्यायला. शटरच्या वेगाचा काटा पाचशेवर, कारण लेन्स जेवढी लांब तेवढा खटका झटपट पडायला हवा, नाहीतर सगळं फराट्यासारखं येतं. श्वास अर्धा सोडायचा, तिथंच धरायचा, मग बोट दाबायचं. माझ्यासारख्या धाप लागणाऱ्या बाईला श्वास धर म्हणणं म्हणजे थट्टाच. पण जमलं. खरं सांगते, आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला भिऊ नकोस असं न सांगता भीती कशी थांबवायची ते दाखवलं. त्यासाठी मी यांची जन्मभर आभारी आहे, तोंडावर कधी म्हटलं नाही ते वेगळं.

रीळ महाग, म्हणून मी बरेच दिवस रिकाम्या कॅमेऱ्यातूनच बघायचे. पोर पायाशी खेळायची, मी तळ्यावरचा खंड्या बघायचे, बगळे बघायचे. सगळ्यात लाडकी होती डाहुक. पाणकोंबडीच ती, काळी पाठ, पांढरंशुभ्र तोंड आणि पोट, चालताना शेपटी वरखाली. तिची पिल्लं काळी कुळकुळीत, कापसाला शाई लावल्यासारखी. अळवातून बाहेर यायची आणि परत आत. मी पोरीलाही दाखवायचे, बघ, काळी पिल्लं.

आणि यांनी एक गोष्ट पढवून पढवून पक्की केली होती. पक्षी एकदा लेन्समध्ये सापडला की डोळा काढायचा नाही. कुणी हाक मारो, काही होवो. डोळा काढला की परत लावल्यावर नुसती पानं दिसतात, आणि सगळी पानं सारखीच.

तर गच्ची. मी नळी पुढं ठेवून, म्हणजे लांबचं लांबच ठेवून, पलीकडचा काठ डावीकडून बघत गेले. पाणी, जलपर्णी, मोडका घाट, केळी, अळू. हात इतके कापत होते की काठ समोर नाचत होता. पोर शोधतेय असं म्हटलं असतं तर मला दिसलंच नसतं काही. मी स्वतःला म्हटलं, डाहुक शोध. कोपरं पोटाला लावली, श्वास अर्धा सोडला. आणि डाहुक निघाली. अळवातून एकदम फडफडत, ओरडत, पाण्यावरून पाय घासत. ती अशी कधी उडत नाही, हळूच सरकते. कुणीतरी तिच्या घरात शिरलं होतं.

नळी मागं ओढली. पानं मोठी झाली, अजून मोठी. पानांमधून एक हात बाहेर आला, आणि त्या हातात बांगडीसारखी काळी रबराची चकती. लेन्सवरची. केव्हा काढून घातली होती कुणास ठाऊक. मग तिचं तोंड दिसलं, चिखलानं भरलेलं, हसरं. ती पाण्याच्या कडेला उकिडवी बसली होती आणि पाण्यातल्या पिल्लांकडे हात करत होती. पाऊल टाकलं की पाणी.

इतकी जवळ दिसत होती की मी तिला धरायला हात पुढं केला. आणि हात काढताच नळी घसरली, कारण चकती तर तिच्या हातात, आणि माझी पोर झर्रकन बारीक होऊन पानांत गेली. ते मी अजून स्वप्नात बघते. हात परत नळीवर ठेवला, ओढली. होती. तिथंच होती.

पळायचं होतं मला. सगळं अंग पळायला निघालं होतं. दोन जिने, अंगण, गल्लीला वळसा, मग पलीकडचा काठ, आणि तिथं माझ्या डोक्यावरून जाणारं अळू. कुठल्या पानामागं ते खालून कसं कळणार? तिला हाक मारली तर ती उठून उभी राहील, नाहीतर लपाछपी समजून पुढं सरकेल. मी हलले नाही. डोळा न काढता ओरडले, काकिमा, पुकूर, पुकूर. तळं.

काकिमा रस्त्याकडे गेल्याच नव्हत्या, गुडघ्यांनी पळवत नव्हतं म्हणून फाटकाशीच होत्या. त्यांचा आवाज आला, "कोथाय, बऊमा?" कुठं? मी सांगितलं, मोडक्या घाटाच्या पलीकडे. थोड्या वेळानं त्यांचा आवाज तळ्याच्या पलीकडच्या काठावरून आला. हात दाखवायला मोकळा नव्हता, एक कॅमेऱ्यावर, एक नळीवर. आणि ओरडलं की लेन्स हलायची, पोर चौकटीतून जायची. म्हणून एक शब्द टाकायचा, श्वास धरायचा, ती आहे का बघायची, मग पुढचा शब्द. रिक्षावाल्याला सांगून सांगून डाने आणि बांये एवढं मला येत होतं, उजवीकडे, डावीकडे. मी म्हटलं डाने. अळू सळसळल्याचा आवाज आला तो लांब लांब जाणारा. त्या माझ्याकडे तोंड करून होत्या, माझं उजवं ते त्यांचं डावं. आणि मला तर त्या दिसतच नव्हत्या, चौकटीत फक्त पोर.

तेव्हा मी डावा हात थोडा सैल सोडला. नळी आपणच घसरली, पोर बारीक झाली पण राहिली, आणि कडेला काकिमांचं पांढरं लुगडं आलं, कमरेपर्यंत अळवात. आता दोघी एका चौकटीत. मी म्हटलं बांये, बांये, अजून, खाली बघा.

पोर उभी राहिली. एक पाय पुढं टाकला.

काकिमांनी तिला फ्रॉकला धरून उचललं. माझं बोट दाबलं गेलं, सवयीनं. मग मात्र मी कॅमेरा गळ्यात असतानाच मटकन खाली बसले आणि मला अशी धाप लागली की काकिमा तिला घेऊन वर आल्या तरी उठता येईना. पोर म्हणाली, "आई, पिल्लू." त्यांच्या अंगभर चिखल, तिच्याही. पीठ अजून त्यांच्या नखांत होतं.

गल्लीत ती गोष्ट वेगळीच फिरली. समोरच्या बाई मासळीवाल्याजवळ सांगत होत्या, पोर पाण्यात जात होती आणि आई गच्चीवर उभी राहून फोटो काढत होती. फोटो तर होताच, यांनी घातलेलं रीळ त्या दिवशी आत होतं. यांनी धुऊन आणला. काकिमा, काखेत पोर, पोरीच्या हातात रबराची बांगडी, सगळं जरासं हललेलं. हे म्हणाले, हललाय, पण असा फोटो मला जन्मात जमणार नाही. सुट्टीत गावी गेलो तर सासूबाई मात्र म्हणाल्या, "माझं पोर असतं तर मी कॅमेरा फेकून उडी मारली असती." त्यांचं खोटं नाही. माझ्या मनातही ते रात्रंदिवस येतं, आईचे पाय कसे जागचे हलले नाहीत.

एकदा काकिमांजवळ मी हे कसंबसं हिंदीत बोलले, रडत. त्या सुपारी कातरत होत्या. म्हणाल्या, "तू खाली आली असतीस तर आपण दोघींनी मिळून चुकीच्या जागी शोधलं असतं." मग परत सुपारी. मी त्यांच्या पायाला हात लावायला गेले तर पाय आखडून घेतले, म्हणाल्या तोफेच्या पाया पड.

ती चकती परत लेन्सवर चढवलीय. पोर आता फाटकाची कडी स्वतः लावते, आणि डाहुक दिसली की आधी माझा पदर ओढते. पूजेच्या दिवशी काकिमांना मी नवी साडी नेसवली. देवाचे, यांचे, काकिमांचे, त्या ओरडत उडालेल्या पाखराचे, सगळ्यांचे आभार मानून झाले तरी ते दोन शब्दांमधले श्वास धरलेले क्षण माझ्यातून जात नाहीत.

म्हणून विचारते. तुमची पोर पाण्याच्या कडेला बसलीय, हात लांबवला तर लागेल अशी दिसतेय, आणि डोळा काढला तर परत सापडणार नाही. तुम्ही असता तर पळाला असता, की थांबला असता?