खिडकीबाहेरची अक्का

गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचलं की अंबक्का आधी आत जायचीच नाही. घरातली बाई दार उघडून "या, या" म्हणत उभी असायची आणि अक्का घराला वळसा घालून एकेका खिडकीबाहेर जाऊन थांबायची. पदर खोचलेला, टेप गळ्यात, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून आत डोकावायची आणि बाहेरूनच ओरडायची, "आत कोणीतरी उभं राहा! लाइट लावा!" म्हैसूरच्या नजरबाद भागात एकदा एका शेजाऱ्याने तिला हटकलं. "चोर टेप घेऊन येतो काय हो?" म्हणत तिने त्यालाच टेपचं दुसरं टोक धरायला लावलं.

लष्कर मोहल्ल्यात तिचं पडद्यांचं दुकान होतं. आमच्यासारखंच तिचंही घर शिंप्यांचं, किती पिढ्या म्हैसूरला झाल्या ते कोणालाच नीट सांगता येणार नाही. गल्ल्याच्या वर विठोबाची तसबीर आणि बोलण्यात निम्मं कन्नड. बी.कॉम. झाल्यावर मी तिच्याकडे कंप्युटरवर डिझाइनं दाखवायला लागले. माझी शाळा इंग्लिश मीडियमची. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, आणि अनोळखी माणूस समोर आला की यातली कुठलीच भाषा तोंडातून फुटायची नाही. अक्काला याची फार गंमत वाटायची. "तीन भाषा शिकलीस गे मगळे, आणि तिन्हीत गप्प बसतेस!" मगळे म्हणजे मुली. ती मला नावाने क्वचितच हाक मारायची.

पातळ पडद्यावर तिचा विश्वास नव्हता. "दिवसा तो खोटं बोलतो," ती म्हणायची. "दिवसा बाहेरून बघ, नुसतं पांढरं. आत दिवा लागला की सगळं रस्त्यावर. अल्वा, हो की नाही?" म्हणून पडदे लावून झाले तरी तिचं काम संपायचं नाही. दिवेलागणीला ती पुन्हा जायची, रस्त्यावर उभी राहून बघायची, मगच गिऱ्हाइकाच्या घरचा चहा घ्यायची.

टीव्हीवरचा एक कार्यक्रम आमच्याकडे आला तेव्हा दुकानाचे दिवस बरे नव्हते. लोक फोनवर बघून तयार ब्लाइंड्स मागवत होते. दोन मशिनींपैकी एकीवर कापडाचे गठ्ठेच ठेवलेले असायचे. कार्यक्रम कन्नड वाहिनीचा होता: एखाद्या गरजू कुटुंबाचं पडकं घर पाडून आठवड्याभरात नवं बांधायचं, तोवर त्यांना लॉजवर ठेवायचं, आणि शेवटी घर दाखवताना त्यांचे चेहरे टिपायचे. या वेळचं घर म्हैसूरच्या कडेला, हिनकलला होतं. पडदे आम्ही द्यायचे, आणि त्याबद्दल शेवटच्या भागात दुकानाचं नाव येणार, सूत्रसंचालक अक्काला कॅमेऱ्यासमोर बोलावणार असं ठरलं.

अक्काने ही बातमी अख्ख्या मोहल्ल्याला सांगितली. पोपटी रेशमी साडी घेतली. "आयुष्यभर लोकांना झाकलं गे," आरशासमोर पदर लावून बघत ती म्हणाली, "आता थोडी मी दिसते."

घर पाडायच्या आधी आम्ही बघायला गेलो. शाळेत स्वयंपाक करणारी आई आणि माझ्याच वयाची तिची मुलगी प्रेमा, दोघीच राहत होत्या. प्रेमाच्या खोलीला रस्त्याकडे एक लहान खिडकी होती, तिच्या काचेवर आतून वर्तमानपत्र चिकटवलेलं. अक्का नेहमीसारखी बाहेर गेली आणि बराच वेळ आलीच नाही. मी बघायला गेले. खिडकीखाली सिमेंटचा एक ठोकळा उभा करून ठेवला होता. त्याच्याभोवती विड्यांची थोटकं. अक्का त्या ठोकळ्यावर चढली. तिचे डोळे बरोबर वर्तमानपत्राच्या वरच्या, फाटलेल्या कोपऱ्याशी आले.

खाली उतरून तिने आत येऊन प्रेमाला कन्नडमध्ये विचारलं, "कोण गं?"

प्रेमाने ओढणी सारखी केली. आईच म्हणाली, "नवरा. मारायचा म्हणून ही परत आली. आता आत येत नाही, बोलत नाही. नुसता बघतो."

टीव्हीवाल्यांनी छताबद्दल विचारलं होतं, गळतीबद्दल विचारलं होतं. हे कोणी विचारलं नव्हतं. निघताना प्रेमा माझ्याजवळ आली. ती माझ्याशीच का बोलली कोण जाणे. "छत राहू दे हो," ती म्हणाली. "ती खिडकी तेवढी बुजवायला सांगा."

पण नव्या घरात खिडकी बुजली नाही, उलट मोठी झाली. जमिनीपासून छतापर्यंत काच. बेंगळुरूहून आलेला दिग्दर्शक अक्काला मोबाइलवर चित्र दाखवत होता: पांढरे झिरझिरीत पडदे, प्रेमा दोरी ओढते, पडदे उघडतात, बाहेर टाळ्या वाजवणारी गर्दी.

"आतून जाड पडदा लागणार," अक्का म्हणाली.

"मॅडम, मला उजेड हवाय."

"तिचा नवरा..."

"तो फॅमिली मॅटर आहे, मॅडम. शूटिंग झाल्यावर काय हवं ते लावा."

अक्काने "आयतू" म्हटलं. म्हणजे झालं, ठीक. मी दचकून तिच्याकडे पाहिलं, कारण ती इतक्या लवकर कधीच ऐकायची नाही. पण दुकानात आल्यावर तिने तपकिरी रंगाचं जाडजूड कापड काढलं, आतून काळं अस्तर लावून पडदा शिवला, आणि पांढऱ्या पडद्यामागे दुसरी पट्टी ठोकून तो लावूनही टाकला. शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा ती पट्टी काढलेली होती आणि तपकिरी पडदा घडी करून दांडीसकट टीव्हीवाल्यांच्या व्हॅनमध्ये टाकलेला होता.

"सुम्ने राहा," अक्का मला म्हणाली, म्हणजे गप्प राहा. खरं तर मी काही बोललेच नव्हते. ती स्वतःलाच सांगत असावी. "उन्हातच आटपेल. दिवसा काही दिसत नाही."

पण सूत्रसंचालकाला यायला उशीर झाला. ऊन भिंतीवरून उतरलं, सावल्या रस्त्याभर पसरल्या, तरी त्याची गाडी येईना. अक्का पोपटी साडीत खुर्चीवर ताठ बसून होती आणि दर थोड्या वेळाने आकाशाकडे बघत होती. अखेर गाडी आली तेव्हा दिवेलागण झाली होती. घरातले सगळे दिवे लावले गेले, शिवाय शूटिंगचे. बाहेर सगळी गल्ली जमली होती.

मी प्रेमाच्या खोलीत, कोपऱ्यात, दोरी अडकली तर सोडवायला. मायलेकी आत आल्या. आई रडली, सगळ्यांना हवं तसं. मग सूत्रसंचालक प्रेमाला म्हणाला, "आता पडदा उघडून सगळ्या गल्लीला तुझं घर दाखव!"

प्रेमाने दोरीला हात लावला आणि तिथेच थांबली.

"पुन्हा घेऊ," दिग्दर्शक म्हणाला. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. तिच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. "रडायचं तर रड, पण दोरी ओढ!" बाहेर लोक हसायला लागले. पडदा मिटलेला होता, तरी तिचं थांबणं त्यांना स्पष्ट दिसत होतं.

अक्का बाहेरच होती. नंतर तिने मला सांगितलं, समोर चहाच्या टपरीपाशी एक माणूस स्कूटरच्या सीटवर चढून उभा होता. सगळे टाळ्या वाजवत होते, तो वाजवत नव्हता.

दार उघडलं आणि अक्का आत आली. खांद्यावर तपकिरी पडदा. कोणीतरी "मॅडम, फ्रेममध्ये येताय!" म्हणून ओरडलं. ती सरळ कॅमेऱ्यासमोरून चालत खिडकीपाशी गेली. पट्टी नव्हती, आकडे नव्हते. तिने दोन्ही हात वर केले आणि तो पडदा डोक्याच्या वर, काचेला टेकवून धरला. जाड कापड, वर अस्तर. वजनाने ते खाली घसरत होतं.

"मगळे! दांडी आण गे! बघत काय बसलीस?"

व्हॅनमधली दांडी आणि आकडे घेऊन मी पळत आले. स्टुलावर चढून दांडी पांढऱ्या पडद्याच्या पट्टीवर टेकवली. एवढ्या माणसांनी याआधी कधी माझ्याकडे बघितल्याचं मला आठवत नाही, पण त्या वेळी ते माझ्या लक्षातही आलं नाही. एका बाजूचे आकडे मी अडकवत होते. दुसऱ्या बाजूला पाहिलं तर प्रेमा पलंगावर चढून आकडे अडकवत होती.

"हा शॉट गेला," दिग्दर्शक म्हणाला.

"जाऊ दे," अक्का म्हणाली. "पोरीला राहायचंय इथे. तुम्ही उद्या जाल."

हात खाली घेऊन ती बाहेर गेली. नेहमीसारखी रस्त्यावर उभी राहून बघून आली, आणि मगच प्रेमाच्या आईकडे चहा मागितला.

शेवटचा भाग आम्ही दुकानात बसून पाहिला, मोहल्ल्यातले निम्मे लोक दाटीवाटीने. दुकानाचं नाव कुठेच नव्हतं. मायलेकींचा दाराशी रडतानाचा शॉट होता, आणि मध्येच क्षणभर पोपटी साडीतली एक पाठ, वर केलेले दोन हात. अक्का म्हणाली, "पाठ झकास आली की! इस्त्री फुकट नाही गेली." मग उठून तिने दिवा लावला.

दुकान वाढलं नाही. मशिनीवरचे गठ्ठे तसेच राहिले. पुढच्या वर्षी अक्काच्या छातीत दुखायला लागलं आणि ती आठवडाभरातच गेली. तसबिरीसाठी फोटो शोधताना घरच्यांना एकही धड मिळेना. हरेक फोटोत ती कुणाच्या तरी पदराची नाहीतर कॉलरची सुरकुती नीट करताना वळलेली होती.

बातमी सांगायला मी संध्याकाळी हिनकलला गेले. दारापाशी न जाता आधी खिडकीसमोर रस्त्यावर उभी राहिले. आत दिवा असणार, कारण टीव्हीचा आवाज येत होता, कोणीतरी हसलंही. बाहेर मात्र उजेडाची रेघसुद्धा नव्हती. सिमेंटचा ठोकळा आता दाराशी होता, त्यावर तुळशीची कुंडी.

मी दार वाजवलं. टीव्हीचा आवाज थांबला. खिडकीतल्या तपकिरी कापडाची कड दोन बोटं बाजूला झाली. आधी प्रेमाने मला पाहिलं. मग कडी निघाली.