विकत घेतलेला आगगाडीचा गेम

आप्पांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात गेला. पाय महिन्याभरात सावरला. बोलणं जड झालं, तरी कळत होतं. हात मात्र मांडीवर ठेवला की तिथंच पडून राहायचा. तीस वर्षं नागापूर एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथ चालवून, केसाएवढा फरक नुसत्या बोटानं ओळखणारा हात होता तो.

मी त्यांची थोरली. लग्न केलं नाही. त्याच एमआयडीसीत एका कारखान्यात तयार झालेले पार्ट तपासायचं काम करते. घरात आई, आप्पा आणि मी असे तिघंच. धाकटा भाऊ पुण्यात असतो, कॉम्प्युटरच्या नोकरीत.

व्यायाम शिकवायला एक मॅडम घरी यायच्या. त्यांनी आप्पांना दाबायला स्पंजचा चेंडू दिला होता. आप्पांनी तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी डाव्या हातानं दाराबाहेर फेकून दिला.

"ह्यो काय माणसाचा धंदा हाय का?" म्हणाले.

मॅडम हसल्या नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्यांना आवडेल असं काहीतरी द्या, ज्यात अंगठा आणि बोटं हलतील. मनापासून करतील तर हात येईल. नाहीतर असाच आखडून जाईल."

त्या दिवाळीला भाऊ आला. त्यानं स्वतःसाठी नवीन गेमचं मशीन घेतलं होतं, म्हणून आधीचं पिशवीत घालून आमच्याकडे आणलं होतं. टीव्हीला जोडलं, त्याच्या खात्यानं चालू केलं आणि पडद्यावर चित्रांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. मोटारी, सैनिक, फुटबॉल, राक्षस. भाऊ एकेक सरकवत होता आणि आप्पा कॉटवरून नुसते बघत होते. जुन्या गेमच्या रांगेत आल्यावर त्यांचा डावा हात एकदम वर आला.

"थांब! मागं घे. ती आपली गाडी."

ती खरोखर आपलीच गाडी होती. आम्ही दोघं शाळेत असताना आप्पांनी कापड बाजारातून कॅसेट घालायचा टीव्ही गेम आणला होता. त्यात एक आगगाडीचा गेम होता. लाल इंजिन हळूहळू पुढं येतं, पुढच्या रुळांचे तुकडे वेडेवाकडे पडलेले असतात. गाडी पोचायच्या आत ते फिरवून जोडायचे आणि तिला स्टेशनात न्यायचं. आप्पा पहिल्या पाळीवरून चार वाजता यायचे, हातपाय धुवून आमच्यात फरशीवर बसायचे. पाथर्डीकडचं त्यांचं लहानपण आईबापांच्या मागं उसाच्या फडात गेलं होतं. खेळणं म्हणून हातात आलेली त्यांची ही पहिलीच वस्तू असावी. आमच्यापेक्षा तेच जास्त ओरडायचे. नदीवरच्या पुलाच्या टप्प्यात आमची गाडी कायम पाण्यात पडायची. तो पूल आम्ही कधीच ओलांडला नाही. पुढं तो टीव्ही गेम बिघडला आणि आम्ही मोठे झालो.

भावानं कंट्रोलर आप्पांच्या हातात दिला. उजवा अंगठा बटणावर मी माझ्या हातानं ठेवला. पहिल्याच वळणावर गाडी घसरली. आप्पा म्हणाले, "परत लाव." अर्ध्या तासात असं वीसेकदा म्हणाले असतील. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तोंडाला पदर लावून बघत होती.

निघायच्या दिवशी मी भावाला विचारलं, "हा गेम आता आपला झाला ना?"

"आपला म्हणजे, महिन्याचं सभासदत्व आहे माझं. तेवढं चालू असलं की हे सगळे गेम खेळता येतात."

"म्हणजे भाड्याचा."

"तसंच समज."

"मग मला भाड्याचा नको. एवढा एक विकत घे. विकत मिळतो ना?"

"मिळतो. पण कशाला, ताई? असाच चालतोय की."

मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण आप्पांचा अंगठा ज्या वस्तूवर हलला होता ती दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवायची नाही, एवढं मनाशी पक्कं होतं. मी कपाटातून पैसे काढून त्याच्या हातावर ठेवले. तो नको नको म्हणाला, मग खिशात घातले. मोबाईलवर काहीतरी केलं आणि म्हणाला, "झालं. घेतला. आता कायमचा तुमचा."

मी आप्पांना मोठ्यानं सांगितलं, "आप्पा, विकत घेतला बरं का. आपला झाला."

पुढचे आठ-नऊ महिने आमच्या घरात त्या गाडीशिवाय दुसरा विषय नव्हता. मी साडेचारला घरी यायचे तोवर आप्पा कंट्रोलर मांडीवर घेऊन तयार असायचे. सुरुवातीला दिशा डाव्या हातानं आणि बटण माझ्या बोटानं, असं आमचं जोडकाम चालायचं. मग एके दिवशी त्यांनी माझं बोट बाजूला केलं. अंगठा थरथरत खाली गेला, रूळ फिरला, गाडी निघून गेली. आप्पांनी माझ्याकडं पाहिलंही नाही, इतकं त्यांचं लक्ष पुढच्या तुकड्यावर होतं.

पावसाळ्याच्या तोंडावर त्यांनी शर्टाचं वरचं बटण स्वतः लावलं. चहाची कपबशी उजव्या हातानं उचलली, थोडा चहा सांडला. मॅडम आठवड्यातून तीनदा यायच्या त्या एकदाच यायला लागल्या.

आणि नदीवरचा पूल ओलांडला! मी कामावर होते. आईनं फोन केला. मला वाटलं, काहीतरी वाईटच. आई म्हणाली, "बाय, त्यांची गाडी पुलावरून गेली म्हनं. तुला सांग म्हनत्यात." मागून आप्पांचा आवाज आला, "पलीकडं बोगदा हाय!" मी हातातला पार्ट खाली ठेवला आणि मापं तपासायच्या गेजच्या टेबलावर डोकं टेकून हसले. शेजारची बाई विचारत राहिली, काय झालं, काय झालं.

एकूण चाळीस टप्पे होते. श्रावणापर्यंत आप्पांनी सदतीस पार केले. शेवटचं स्टेशन कसं असेल, यावर रोज जेवताना त्यांचा आणि आईचा वाद व्हायचा. आईचं म्हणणं होतं, समुद्र असणार. आप्पा म्हणायचे, "न्हाई. गाडी आता माघारी घरी येनार."

एका रविवारी सकाळी आप्पांनी मशीन चालू केलं आणि मला हाक मारली. गाडीचं चित्र जागेवर होतं, पण त्यावर कुलपाची खूण आली होती. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की हा गेम आता सभासदत्वात उपलब्ध नाही. आप्पा बटण दाबत होते, कुलूप हलत नव्हतं.

"काय झालं गं?"

"इंटरनेट असेल, आप्पा."

मी बाहेर येऊन भावाला फोन लावला. तो म्हणाला, "सर्व्हरचं काहीतरी असेल. बघतो." दोन दिवस झाले, त्यानं बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी फोनच उचलला नाही. आप्पा रोज मशीन चालू करायचे आणि कुलूप बघून बंद करायचे.

आमच्या कारखान्यात एक तरुण इंजिनिअर आहेत, त्यांना या गेमांचं वेड. मी जेवणाच्या सुट्टीत त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ताई, सभासदत्वातले गेम येतात आणि जातात. कंपनीचा करार संपला की काढून टाकतात. पण तुम्ही विकत घेतलेला असेल तर तो जात नाही, परत उतरवून घेता येतो. मशीनमध्ये खरेदीची यादी असते, त्यात बघा." कुठं बघायचं ते त्यांनी कागदावर लिहून दिलं.

घरी आले. आप्पा झोपले होते. मी कागद बघत बघत ती यादी उघडली. तिच्यात दर महिन्याचं सभासदत्व ओळीनं होतं. भावानं कधीतरी घेतलेले मोटारींचे, मारामारीचे गेम होते. आगगाडी नव्हती. दिवाळीच्या महिन्यापर्यंत खाली गेले, पुन्हा वर आले. पुन्हा खाली गेले. नव्हती.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली, आईला कंपनीचं काम सांगितलं आणि माळीवाड्याहून पुण्याची एसटी धरली. शिरूर येईपर्यंत मी भावाच्या बाजूनंच विचार करत होते. त्या वेळी पैसे कापले गेले नसतील, तो विसरला असेल, त्याला नंतर सांगायची लाज वाटली असेल.

भाऊ घरूनच काम करत होता. दार उघडून मला बघितल्यावर त्याला कळलंच.

"तू घेतलाच नव्हतास," मी म्हणाले.

"ताई, आत तर ये."

"घेतला म्हणालास. माझ्यासमोर म्हणालास. मी आप्पांना सांगितलं."

त्यानं पाणी आणलं. मी घेतलं नाही. तो समोर बसला. "हे बघ, गेम चालू होता ना? आप्पा खेळत होते ना? जे फुकटात उघडतंय त्याचे वेगळे पैसे का भरायचे? तुझे पैसे मी सभासदत्वातच घातले. खाल्ले नाहीत."

"पैशांचं कोण विचारतंय तुला? आता विकत घे. माझ्यासमोर घे."

त्यानं मोबाईल काढला, शोधलं, मग मान खाली घातली. गेम ऑनलाइन दुकानातूनही काढून टाकला होता. ज्यांनी आधी विकत घेतला होता त्यांच्याकडे तो राहणार होता, नव्यानं कुणाला मिळणार नव्हता.

"आधी कळवतात म्हणे," मी म्हणाले. इंजिनिअरांनी तेही सांगितलं होतं.

"मेल आला होता, महिन्यापूर्वी. असले रोज वीस मेल येतात, ताई."

"तेव्हा तरी घ्यायचास."

त्यानं मोबाईल बाजूला ठेवला. मग चिडला, की त्याला रडू येत होतं, मला कळलं नाही. म्हणाला, "दिवाळीत आप्पांची अवस्था तू बघितली होतीस ना? मला वाटलं, ते काही फार दिवस... कायमचा विकत घेऊन कुणासाठी ठेवायचा होता?"

खालच्या रस्त्यावरून भाजीवाल्याचा भोंगा ऐकू येत होता. मी उठले. तो दारापर्यंत मागं आला, "तसं नव्हतं म्हणायचं मला" असं दोन-तीनदा म्हणाला. जिन्यात मी चपलेचा बंद लावायला वाकले आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. मला त्याला मारावंसं वाटत होतं. लहानपणी मारायचे तसं, पाठीत. तो माझ्याशी खोटं बोलला, यापेक्षा मला हे बोचत होतं की आप्पा पहिल्या वळणावर घसरून "परत लाव" म्हणत होते, तेव्हा हा शेजारी बसून त्यांचे दिवस मोजत होता.

संध्याकाळी घरी आले. आप्पा जागेच होते. "इंटरनेट आलं का?"

मी त्यांच्या पायाशी बसले. एसटीत ठरवलं होतं की सगळं खरं सांगायचं. तोंडातून निघालं ते वेगळंच. "आप्पा, कंपनीनंच तो गेम बंद केला. सगळ्यांचाच."

"आपुन इकत घेतला हुता की."

"घेतला होता. तरी बंद केला."

आप्पांनी कंट्रोलरवरून अंगठा फिरवला. "आमचं वर्कशॉप बंद केलं तवा गेटवर नोटीस तरी लावली हुती. सकाळी गेल्तो, वाचली, माघारी आलो. ह्यांनी तेवढं बी न्हाई केलं?"

नोटीस आली होती. कुणाकडे आली होती ते मला माहीत होतं. मी म्हणाले, "नाही केलं."

"मोठ्या कंपन्या अशाच," आप्पा म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

त्यानंतर महिनाभर त्यांनी मशीनला हात लावला नाही. भावानं त्याच गेमची नवी, चकचकीत आवृत्ती विकत घेतली. या वेळी पावतीचा फोटोही पाठवला. आप्पांनी एकदा बघितली. इंजिन बोलत होतं, डोळे मिचकावत होतं. "ही आपली न्हाई," म्हणाले. हात पुन्हा जड व्हायला लागला, शर्टाचं बटण आई लावून द्यायला लागली. मग मी कारखान्यातून परवानगी काढून भंगारातले नटबोल्ट डबाभर आणले. ते बघून मात्र आप्पा उठून बसले. कुठल्या बोल्टला कुठला नट, हे ते आता तासन्‌तास लावत बसतात, उजव्या हातानं, आटे बोटांनी चाचपून. हात बराच परत आला आहे. शेवटच्या तीन स्टेशनांचा विषय ते कधी काढत नाहीत. मीही काढत नाही.

भाऊ आता दर महिन्याला येतो. आप्पांचे पाय दाबतो, आईला बाजारात नेतो. एकदा स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, आप्पांना सांगितलं नाहीस, बरं झालं." मी पोळी लाटत होते, लाटत राहिले. त्याच्यासाठी लपवलं नव्हतं. आपल्या मुलानं आपल्याला आधीच हिशेबातून काढलं होतं, हे त्या माणसाला कळू नये म्हणून लपवलं. पण त्यामुळं आप्पांशी खोटं बोललेले आता आम्ही दोघं झालो आहोत, आणि हे मी भावाला माफ करू शकत नाही.

कुणी भेटायला आलं की आप्पा उजवा हात वर करून दाखवतात, बोटं उघडझाप करतात. "पोरानं मशीन आनून दिलं, त्याच्यावर हात चालला," म्हणतात. "लई करतो आमचा पोरगा." पाहुणे भावाकडं कौतुकानं बघतात. भाऊ माझ्याकडं बघत नाही. मी आत जाऊन चहा टाकते.