ओढणाऱ्यांची सुट्टी

कपड्यांच्या कारखान्यात ती इस्त्रीवर उभी असायची, म्हणून सगळे तिला इस्त्रीवालीच म्हणत. बसायला स्टूल नव्हतं. मुकादमीणबाईंचा कायदा असा, की मधल्या वेळात फक्त सिगारेट ओढणाऱ्यांनी अंगणात जायचं. आत ओढली तर कापड पेटेल; बाकीच्यांचं बाहेर काय काम?

तिला दिवस गेले, आणि सहाव्या महिन्यात पाय सुजून खांब झाले. एकदा नुसतीच अंगणाच्या पायरीवर जाऊन टेकली, तर मुकादमीण मागोमाग हजर. "महाराणी, हवा खायला आलात?"

दुसऱ्या दिवशी तिनं शेजारच्या टेबलावरच्या बाईकडून सिगारेट मागून घेतली. ती पेटवून पायरीवर बसली, तर कुणी उठवलं नाही. पुढे चटकच लागली. घरी नवऱ्याच्या पाकिटातलीही काढू लागली. तो हसायचा, "चला, जोडीदार मिळाला!"

मुलगी झाली. चणीनं बारीक, पण अंग धरायला लागली होती. तीन महिन्यांची असताना एका दुपारी दूध पिऊन झोपली, ती उठलीच नाही.

पोटुशी असताना सिगारेट ओढायचीस का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तिनं खरं ते सांगितलं. "नेमकं कशानं गेली, ते सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "पण पोटुशी बाईनं ओढली की हा धोका वाढतो. बाळाजवळ कुणी ओढली तरी वाढतो."

शेवटचं वाक्य नवऱ्याच्या कानात शिरलंच नाही. दवाखान्याच्या दारात त्यानं सिगारेट पेटवली. "खाल्लंस माझं पोर," म्हणाला. घरी सासूनं तेच गल्लीभर केलं आणि तिला घराबाहेर काढलं.

कामावर परतली, तर मुकादमिणीनं तिला नव्या पोरींपुढे उभं केलं. "बघा हिच्याकडे. पोटुशी असून फुंकत बसायची."

"बाई, बसायला दिलं असतंत, तर कशाला ओढली असती?"

"मी पेटवून दिली होती का तुझ्या तोंडात?"

पोरी खुदखुदल्या. दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलाशी दुसरीच कुणी उभी होती.

वर्षानं कळलं, नवऱ्यानं दुसरी आणलीय आणि तिलाही दिवस गेलेत. इस्त्रीवाली न राहवून गेली. सासूनं दार उघडलं आणि तोंडावर आपटलं.

"अगं, त्याला बाहेर ओढायला सांग!" ती बंद दाराबाहेरून आतल्या नवीला ओरडून म्हणाली. "तुझ्याजवळ नको ओढू म्हणावं!"

आत नवरा हसला, आणि त्याच्या पाठोपाठ ती नवीही.