तिसऱ्या आगीनंतरचा चुना

एवाल्द उइबोला अलीकडे चुलींची स्वप्नं पडत. स्वप्नात तो एखाद्या अनोळखी घरात शिरायचा, अंधारात भिंत चाचपत जायचा, आणि तळव्याला ऊब लागली की त्याला कळायचं, ही आपण बांधलेली. घर कुणाचं, गाव कुठलं, काही आठवायचं नाही. ऊब मात्र ओळखू यायची. जाग आल्यावरही थोडा वेळ तळवा गरम असल्यासारखा वाटे.

तार्तू शहरात आणि आसपासच्या खेड्यांत त्यानं चाळीस वर्षं चुली बांधल्या होत्या. स्वयंपाकाच्या नव्हेत. खोली गरम ठेवणाऱ्या, जवळजवळ छताला भिडणाऱ्या विटांच्या चुली. हिवाळ्यात बाहेरून आलेला माणूस आधी त्यांना पाठ लावतो आणि मग बोलायला तोंड उघडतो. आता बहुतेक घरांत नळ्यांतून गरम पाणी फिरत होतं. एवाल्दचे हातही थरथरू लागले होते. सहा वर्षांत त्यानं थापी उचलली नव्हती. ‘घेवडा’ नावाच्या रस्त्यावरच्या जुन्या लाकडी घरात तो वरच्या मजल्यावर राहायचा, त्याची बहीण साल्मे खालच्या, आणि दोघांचं सगळं बोलणं जिन्यातून व्हायचं.

जानेवारीत केर्तू नावाची एक तरुण कलाकार त्याला शोधत आली. विद्यापीठाच्या कलादालनात तिचं एकटीचं प्रदर्शन भरणार होतं. तिच्या आजीचं खेड्यातलं घर पाडलं होतं. त्या घराच्या खिडक्यांच्या चौकटी, भिंतींवर एकावर एक चिकटवलेले फुलाफुलांचे कागद, त्या कागदांखालची पिवळी वर्तमानपत्रं, सगळं तिनं हलक्या हातानं सोडवून आणलं होतं. चूल तेवढी आणता आली नव्हती; ती दालनात नव्यानं बांधून हवी होती. ती उइबो मिस्त्रीनं बांधलीय, असं आजी सांगायची. एवाल्दला ते घर आठवेना. त्यानं मोजमाप विचारलं, तेव्हा केर्तूनं स्वतःच्या कमरेशी हात धरला. एवढी होते मी, म्हणाली, आणि वर पाहिलं तरी चुलीची कड दिसायची नाही.

"मिस्त्री, एक गोष्ट आधीच सांगते," ती म्हणाली. "ती पेटवायची नाही. त्या खोलीला धुरांडं नाही. तीन आठवड्यांनी ती उतरवायची."

"मग ती चूल कशी म्हणायची?"

"तेच मलाही कळत नाहीय."

हे उत्तर एवाल्दला आवडलं नाही, पण मुलगी आवडली. आणि ही आपली शेवटची चूल, हे त्याला त्याच क्षणी ठाऊक झालं होतं. साल्मेनं जिन्यातून ऐकून घेतलं होतंच. "सहा वर्षं बसून गंजलास, आता थंड चूल बांध," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी बिनपाण्याची विहीर खण."  एवाल्दचा मनातला हिशेब वेगळा होता. चूल एकदा उभी राहिली की समोरच्या माणसाचा हात आपोआप काडेपेटीकडे जातो. ही पोरही विरघळेल, कुठून तरी एखादी नळी खिडकीबाहेर काढेल. न पेटवता त्यानं आजवर एकही चूल सोडली नव्हती. पहिली आग मिस्त्रीच्याच हातची, असा त्याच्या उस्तादाचा नियम होता आणि त्याचाही.

आजोळच्या तळ्याकाठची तांबडी माती तळघरातल्या पिंपात शिल्लक होती. ती त्यानं भिजवली, मळली. विटा केर्तू हातात द्यायची. पहिल्या दिवशी तिनं जेवायला डबाभर हिरवा पाला आणला. एवाल्दनं तो निमूट खाल्ला आणि मग तिला सांगितलं, की ज्या घरात मिस्त्रीला उपाशी ठेवतात, तिथं तो धुराच्या वाटेत बाटलीचं तोंड चिणून ठेवतो आणि हिवाळाभर ती चूल वाऱ्याबरोबर रडते. दुसऱ्या दिवशी काळा पाव, खारवलेले छोटे मासे आणि उकडलेली अंडी आली. "आता बाटली परत घ्या," केर्तू म्हणाली. बाटली बसवून तरी काय, तो म्हणाला, वारा यायला धुरांडं कुठंय? दोघं हसली. त्याचं हसू आधी थांबलं.

बाराव्या दिवशी मातीचा गिलावा झाला. हात थरथरत होते, पण थापी मातीला टेकली की शांत व्हायचे, हे त्याला कुणाला सांगावंसं वाटलं नाही. चूल खोलीच्या मधोमध उभी होती, तांबडी, ओली. खिडकीतून बर्फाचा उजेड तिच्यावर पडला होता. केर्तू बराच वेळ पाहत राहिली. तिचा हात काडेपेटीकडे गेला नाही. आजीची चूल पांढरीशुभ्र होती, एवढंच ती म्हणाली. चुना कधी लावायचा?

"तिसऱ्या आगीनंतर."

"पण आग तर…"

"पहिली आग ऊब द्यायला नसते, पोरी. चार काटक्यांची असते, ओल काढायला. दुसरी तशीच. तिसरीनंतर माती चुना धरते. ओल्या मातीवर मी चुना लावत नाही. तुला हवा तर दुसरा कुणी बघ."

 केर्तू म्हणाली, राहू दे अशीच. खोलीतल्या गरम पाण्याच्या नळ्याही ती बंद ठेवणार होती. एवाल्दनं थापी पुसली, पिशवीत टाकली आणि निघून आला.

उद्घाटनाला तो गेला नाही. साल्मे गेली, कारण तिथं केक असतो. परत आली ती जिन्यातूनच ओरडत आली. खोलीत थंडी म्हणून कोट अंगावरच होता, चूल दिसली म्हणून सवयीनं पाठ लावली, आणि आता बघ. तिच्या निळ्या कोटाची पाठ खांद्यापासून कमरेपर्यंत तांबडी झाली होती.

"तुझी चूल अंगाला लागते, एवाल्द. चाळीस वर्षांत हे बघायचं राहिलं होतं."

त्यानं ब्रश घेऊन तिचा कोट झटकला. माती निघाली, डाग राहिला. त्या रात्रीच्या स्वप्नात त्यानं भिंत चाचपली तेव्हा ती गार होती आणि हात ओला झाला.

मग ती माणसं दिसू लागली. फेब्रुवारीचं धुकं नदीवरून उठून गावात शिरलं होतं आणि दिवसभर दिवे जळत होते. बसच्या रांगेत त्याच्या पुढे उभ्या असलेल्या विद्यार्थ्याची पाठ तांबडी होती. पुलावरून एक जोडपं धुक्यात नाहीसं होत गेलं. आधी माणसं दिसेनाशी झाली, मग शेवटी दोन तांबडे ठसे. आपली माती एवाल्दला कुठंही ओळखू आली असती. टपाल वाटणारी बाई, कुत्रं फिरवणारा म्हातारा, शाळेच्या पायऱ्यांवरची एक पोर, तिचा ठसा अगदी खाली. सारं गाव त्याचं अपुरं काम पाठीवर घेऊन हिंडत होतं. मान खाली घालून तो चाले, तरी बर्फावर नजर ठेवून किती चालणार.

बाजाराच्या इमारतीत आंबवलेली कोबी घेताना पुढच्या बाईची पाठ त्याच्या अगदी नाकासमोर आली. करड्या लोकरीच्या चांगल्या कोटावर तो डाग पाहून त्याला राहवेना.

"बाई, पाठीला माती लागलीय," तो म्हणाला. "झटकून देऊ का?"

"माहीत आहे," ती वळून म्हणाली. "राहू दे. कालची आहे."

"कालची?"

"परवाही गेले होते. तिथं आपल्या विद्यापीठात एक चूल उभी केलीय. थंडगार आहे. पण आपल्याला काय, चूल दिसली की पाठ वळते. एकदा टेकलं की निघवत नाही. शेजारी कुणी ना कुणी येऊन टेकतंच. काल एक आजोबा होते, त्यांनी मला त्यांच्या आईचं सगळं सांगितलं."

एवाल्द कोबी तिथंच विसरून निघाला.

दालनात तिघं जण चुलीला पाठ लावून डोळे मिटून उभे होते, उभ्याउभ्या झोपल्यासारखे. पलीकडच्या बाजूला कुणीतरी हळू आवाजात बोलत होतं. तो कोपऱ्यात थांबला. तिघं पांगल्यावर पुढे झाला आणि चूल त्याला नीट दिसली.

वर छताकडची माती अजून काळपट, ओली होती. खालीही तशीच. पण मध्ये, खांद्यांपासून कमरेपर्यंत, चुलीभोवती एक पट्टा फिकट झाला होता, गुलाबीसर, पाठींनी घासून गुळगुळीत. खाली गुडघ्याच्या जरा वर एक छोटा फिकट ठिपका होता, पोरांचा. एवाल्दनं बोटाच्या पेरानं पट्ट्यावर वाजवलं. मग वरच्या ओल्या भागावर, मग परत पट्ट्यावर. आवाज कोरडा येत होता. तो वळला आणि त्यानं स्वतःची पाठ टेकवली. चूल गरम नव्हती. पण स्वप्नातल्या त्या ओल्या भिंतीसारखी गारही नव्हती.

केर्तू येऊन शेजारी टेकली.

"तुमची वाट पाहत होते, मिस्त्री."

"ओल निघायला लागलीय," तो म्हणाला.

पुढचे दिवस तो रोज येऊन वाजवून जायचा.  प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी तो चुन्याची बादली आणि रुंद ब्रश घेऊन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी विटा उतरवायच्या होत्या, हे दोघांनाही माहीत होतं. केर्तूनं त्याची आठवण करून दिली नाही. त्यानं पट्ट्यापुरताच चुना लावला. सावकाश, एका बाजूनं सुरू करून, चुलीला पूर्ण फेरी घालत. पोरांचा ठिपकाही सोडला नाही.

"आणि बाकीची?" केर्तूनं विचारलं.

"ती ओली आहे अजून."

चुना ओला असतानाच दुपारची माणसं आली आणि सवयीनं टेकली. कुणालाही त्यानं अडवलं नाही. ती सगळी गेल्यावर बादली खाली ठेवून तोही टेकला आणि खिडकीतला उजेड निळा होईपर्यंत तसाच उभा राहिला.

घरी जिना चढताना साल्मेनं त्याला दिव्याखाली थांबवलं, खांदे धरून उलटं फिरवलं. "आता हे पांढरं कुठून आणलंस?" म्हणत ती ब्रश आणायला वळली.

"राहू दे," एवाल्द म्हणाला आणि तसाच वर गेला.