साडूचा उजवा खांदा

‘पोट आत, श्वास छातीत’ हे फोटोग्राफर इतकी वर्षं म्हणत आला होता, की गिऱ्हाइकं त्याला पोटआतकाकाच म्हणायची. पूर्वी स्टुडिओत उपवर मुलगे यायचे, उसना कोट चढवून. आताचे आधी शर्ट काढायचे, जमिनीवर जोर मारून दंड फुगवायचे, तेल चोपडायचे आणि हळूच विचारायचे, काका, मी पुरुषासारखा दिसतो ना? हो म्हणून म्हणून काकाचा जबडा दुखायला लागला होता.

एके दुपारी काकाचा साडू आला. त्याने ज्या गोदामात जन्मभर पोती वाहिली, तिथे आता काचेची जिम झाली होती.

“आपण ओझं उचलायचे पैसे घेत होतो,” तो म्हणाला, “हे देऊन उचलतात.”

त्या जिमला दारावर धिप्पाड माणूस हवा होता. भेटायला येताना अंगकाठी दिसेल असा फोटो आणायचा होता. हे काम हुकलं तर बिऱ्हाड गुंडाळून जावयाच्या दारात जाणं आलं. ते साडूला पोत्यांपेक्षा जड वाटत होतं.

फोटो झकास निघाला. काकाने तो कॉम्प्युटरवर घेतला आणि गप्पांच्या नादात, रोज इतरांचे मुरुम पुसतो तसाच, साडूच्या उजव्या खांद्यावरचा पोत्यांनी आलेला गोळा पुसून टाकला. साडू पडद्याकडे बघतच राहिला.

“माझा खांदा कुठे गेला?”

“चुकलं भाऊ. हात सवयीने गेला. परत आणतो.”

“नको. हा बाबा देखणा आहे.” साडू बनियन चढवत म्हणाला. “पण साडूभाऊ, उद्या मालकासमोर हा जाणार नाही. मला जायचंय. मला उभं राहायला शिकवा.”

काकाने त्याला आरशापुढे तिरका उभा केला. खांदा मागे दाबला की तो पुन्हा आपसूक पुढे यायचा, पोतं पडेल म्हणून वाट बघत असल्यासारखा. दोघं घामाघूम झाले. शेवटी काकाने त्याची उजवी बाजू भिंतीला टेकवली.

काम मिळालं. साडू दिवसभर दाराच्या चौकटीला उजवा खांदा चिकटवून, डावा ताठ मागे ओढून उभा राहतो. काका समोरून जातो, दोघं मान हलवतात.

परवा मेहुणीचा फोन आला. म्हणाली, “भावजी, यांचा डावा खांदा धरलाय. तो कशाने शेकू?”