गोगलगायींचा घास

बजाजनगरच्या भाजीबाजारात किडका पालक मागून घेणारी बाई एकच, दगडाबाई. बाकीच्या बाया टवटवीत जुडीसाठी हमरीतुमरीवर येत, आणि ही मात्र भोकं पडलेली पानं शोधत ढिगारा उपसत बसे. जुडी नाकाशी धरायची, वास घ्यायची, नाक मुरडून परत टाकायची.

"मावशे, चांगला घे की! असला कुणाच्या नरड्याखाली घालती?" भाजीवाली भागूबाई वैतागायची.

"ह्याच्यावर अळी जगली ना? मंग माझ्या गोगलगायी बी जगतील. तुझ्या त्या टवटवीत पालकाला फवारणीचा वास मारतोय."

लेक गेल्यापासून म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं भागूबाई शेजारणीच्या कानात सांगायची. डोकं चांगलं ठिकाणावर होतं. गंगापूरकडच्या शेतात जन्म गेलेल्या बाईला फवारलेली भाजी ओळखायला कुणी शिकवावं लागत नाही.

खरं तर दगडाबाईचं आणि गोगलगायींचं हाडवैर. सोयाबीन दोन पानांवर आलं की त्या रात्रीतून अख्खी ओळ फस्त करायच्या. मग पहाटे बादलीत मिठाचं पाणी घेऊन ती वाकत वाकत वेचायची आणि शिव्या घालत घालत बुडवायची. बांधावर चुन्याची भुकटी पसरायची ती वेगळीच. अशा बाईचा एकुलता एक लेक, वाळूजच्या कंपनीत कामाला लागलेला इंद्रजीत, काचेच्या पेटीत पाणी भरून गोगलगायी पाळायला लागला, तेव्हा तिने कपाळावर हात मारला होता.

"तिकडं आम्ही मारतोय आन् तू इकडं पाळतोय! भाकर जास्त झाली का रं तुला?"

"आई, ह्या येगळ्या हायेत. ह्या कुणाचं पीक खात नाय," तो हसून म्हणायचा. कंपनीतली पाळी सुटली की टीव्हीसुद्धा न लावता त्या पेटीपुढे बसून राहायचा. पिवळ्या शंखाच्या, सुपारीएवढ्या, काचेवरून सावकाश सरकणाऱ्या त्या पाच-सहा गोगलगायींत त्याला काय दिसायचं ते त्यालाच ठाऊक.

मागच्या पोळ्यानंतर त्याच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. पस्तिशीसुद्धा झाली नव्हती. असं व्हायला नको होतं, दुसरं काय म्हणणार!

दहाव्याला कायगावला गोदेच्या काठी पिंड मांडला. कावळा काही शिवेना. ऊन डोक्यावर आलं, माणसं पाय बदलत उभी राहिली, आणि मग रीतीप्रमाणे जो तो मेलेल्याच्या जिवाला शब्द द्यायला लागला. चुलता रामकिसन पुढे झाला. "बाबा, तुझ्या आईला काही कमी पडू देणार नाय." कावळा बाभळीवरच. "मोनिकाला लेकीवानी सांभाळू." मोनिका म्हणजे इंद्रजीतची बायको. कावळा जागचा हलला नाही. शेवटी दगडाबाई पदर पसरून म्हणाली, "इंद्रजीत, तुझ्या गोगलगायी मी सांभाळीन रं. मरू द्यायची नाय."

कावळा उतरला आणि पिंडाला चोच लावून गेला. सगळ्यांनी डोळे पुसले.

त्या दिवसापासून दगडाबाई गावाकडचं घर बंद करून शहरात सुनेजवळ राहायला आली. सुनेजवळ म्हणायचं आपलं. आली ती पेटीजवळ.

आपण खातो तेच त्यांनी खावं म्हणून तिने आधी भाकरीचा घास कुस्करून टाकला. पाणी नासलं. मोनिकाने कामावरून आल्यावर मुकाट्याने ते बदललं. मग दगडाबाई माशांच्या दुकानात गेली. दुकानदार बुद्धभूषण भला माणूस. पालक उकळत्या पाण्यातून काढा, गार करून टाका, मीठ लागू देऊ नका, उरलेलं संध्याकाळी उचला, असं त्याने तिला समजावून दिलं. पुढचं ती आपली आपण शिकली. काकडीवर उड्या पडतात. दोडक्याची चकती रात्रभर पुरते. कारल्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

मोनिका सकाळी स्वतःचा डबा भरून पॅकिंगच्या कामाला जायची, संध्याकाळी यायची, ओट्याशी उभ्या उभ्या काहीतरी पोटात ढकलायची. दगडाबाई पेटीपुढूनच सांगायची, "आज दोडका लई आवडीनं खाल्ला बघ."

"हं," मोनिका म्हणायची.

वर्षश्राद्ध जवळ आलं तशा गोगलगायींच्या शंखांना पांढरे चट्टे पडायला लागले, कडा झिजून तुटायला लागल्या.  दगडाबाई तडक दुकानात गेली.

"मावशी, कॅल्शियम कमी पडतंय. अंड्याची टरफलं धुऊन, कुटून टाका," बुद्धभूषण म्हणाला.

आता आली का पंचाईत! वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात अंडं आणायचं नव्हतं. विटाळ करून इंद्रजीतच्याच गोगलगायी कशा जगवायच्या? तिने रस्ताभर विचार केला आणि तिला आठवलं, इंद्रजीत पोटात असताना सासूबाई रोज दह्यातून चुन्याची कणी द्यायच्या. लेकराची हाडं बळकट होतात म्हणायच्या. आणि झाली होतीच की बळकट. बांधावरच्या चुन्याने गोगलगायी मरतात हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण तो चुना वैऱ्यासाठी होता, हा मायेचा. मायेने दिलेलं कुठं बाधतं, असं तिला वाटलं. तिने कमरेची पानतंबाखूची चंची सोडली आणि बोटावर चुन्याचा चांगला मोठा गोळा घेऊन पेटीतल्या पाण्यात कालवला.

दुपारपर्यंत सगळ्या शंखाबाहेर लोंबत तळाशी पडल्या होत्या.

मोनिका आली तेव्हा दगडाबाई फरशीवर बसून ऊर बडवत होती. "मी शब्द मोडला गं! माझ्या हातानं मारल्या! आता त्याचा जीव कुठं अडकंल?"

मोनिकाने पिशवी ठेवली. बाह्या सावरून पाण्यात हात घातला, एकेक गोगलगाय काढून ताटलीत ठेवली. शेवटची ठेवून झाल्यावर पाठमोरीच म्हणाली,

"आत्या, त्या दिशी काकांनी माझं नाव घेतलं, तव्हा कावळा आला नाय. तुम्ही गोगलगायींचं नाव घेतलं की आला. सगळ्यांनी बघितलं. मी बी बघितलं."

दगडाबाईचं रडणं थांबलं.

"तरी वर्षभर मीच पाणी बदललं," मोनिका म्हणाली.

अगं, पाखरू ते, त्याला काय कळतं, असं म्हणायला दगडाबाईने तोंड उघडलं.  पण त्याच पाखराच्या भरवशावर तर तिने वर्ष काढलं होतं. आपल्यापुरता तो कावळा खरा आणि पोरीपुरता खोटा, असं कसं म्हणायचं? ती गुडघ्यावर हात टेकून उठली, ओट्याशी गेली, गॅस पेटवला. भाजीची टोपली पुढ्यात ओढली आणि तिचा हात तिथंच थांबला. पोरीसाठी काय रांधावं तेच तिला ठाऊक नव्हतं.

"मोनिका, तुला काय आवडतं गं खायला?"

मोनिकाने ओले हात पुसले. आठवून पाहिलं.

"ह्यांना आवडायचं तेच करायची मी," ती म्हणाली. "माझं मला ध्यानात नाय, आत्या."