गणूच्या गाडीचा ब्रेक

गणूचा फोन आला की समोर गिऱ्हाईक असलं तरी मी खणखणीत आरोळी ठोकायचो, "बोला, पोलादपूरचे सरकार!" महाडच्या बाजारात माझं भांड्यांचं दुकान आहे आणि माझा आवाज त्या भांड्यांच्याही वरताण आहे. त्या सोमवारी सकाळीही स्क्रीनवर त्याचं नाव दिसलं आणि मी आरोळी ठोकली. पलीकडून आवाज आला तो त्याच्या बायकोचा, सुलभावहिनींचा. "भाऊजी, हे उठत नायत ओ..." हातातलं पातेलं मी कुठे ठेवलं, ते मला आजही आठवत नाही.

गणू माझा शाळेपासूनचा दोस्त. पोलादपूरच्या वर, डोंगरात त्याची वाडी. अर्ध्या घरांना कुलपं, माणसं मुंबईत. तोही तिथेच एका गोदामात कामाला होता. लग्नानंतर मोटारसायकल घेतली आणि नव्या नवरीला मागे बसवून कुठे नेलं, तर महाडजवळच्या सव गावातल्या गरम पाण्याच्या कुंडावर! "लोकं बायकोला माथेरानला नेतात, यांनी मला आंघोळीला नेली," असं वहिनी माझ्यासमोर मुद्दाम सांगायच्या आणि हा मिशी चावत बसायचा. पुढे वहिनींच्या किडन्या गेल्या. मुंबईच्या खोलीचे जिने त्यांना चढवेनात. गणूनं नोकरी सोडली, गाव गाठलं आणि आठवड्यातून दोनदा त्यांना गाडीवरून महाडला डायलिसिसला आणू लागला. वाडीवरच्या एसटीची वेळ आणि मशीनची वेळ कधी जुळलीच नाही. उतार, वळण, पुन्हा उतार, आणि मागे काडीसारखी झालेली बायको... सगळी भिस्त ब्रेकवर.

आणि तोच ब्रेक एकदा उतारावर दगा देऊन गेला. लिव्हर दाबला तर तो लोण्यात बोट जावं तसा थेट मुठीला येऊन टेकला. गणूनं मागचा ब्रेक मारत, गिअर पाडत गाडी कडेच्या गवतात घातली. दोघांना खरचटलंही नाही, पण त्या दिवसापासून गणू हसायचा कमी झाला. पुढच्या ब्रेकच्या तेलाची जुनी नळी झिरपत होती. त्यानं ती बदलली, पण नळी बदलली की आत हवा शिरते आणि ती काढल्याशिवाय ब्रेक लागत नाही. मी म्हटलं, "महाडला गॅरेजमध्ये टाक, तासाभरात देतील." तर म्हणाला, "गॅरेजवाला माझ्या बायकोला घेऊन उतार उतरणार हाय काय? उतरणार मी. मग हवा पण मीच काढणार."

म्हणून त्या रविवारी मी मदतनीस म्हणून वाडीवर हजर. या कामाला दोन माणसं लागतात. एकानं लिव्हर चार-पाचदा दाबून धरून ठेवायचा, दुसऱ्यानं चाकाजवळचा छोटा स्क्रू सैल करायचा, की त्याला लावलेल्या बारीक नळीतून तेल आणि बुडबुडे बाहेर येतात. स्क्रू आवळेपर्यंत लिव्हर सोडायचा नाही, नाहीतर गेलेली हवा परत आत. गणू चाकाशी उकिडवा बसलेला, नळीचं दुसरं टोक तेलाच्या बाटलीत. लिव्हर माझ्या हाती. मी एका लग्नातली गंमत सांगत होतो, नवऱ्या मुलाचा फेटा कसा उडाला ते... आणि तो उडवून दाखवायला माझा हात वर गेला.

"अरे सोडलास काय? गेली परत आत!" गणू ओरडला. "शेट, तू तोंडानं बोल रे, हातानं नको!"

"यांना चहा द्या नि बाजूला बसवा," म्हणत वहिनी पुढे आल्या. डायलिसिसच्या सुया टोचायचा डावा हात त्यांनी पदराखाली घेतला आणि उजव्यानं लिव्हर धरला.

"दाब गो... धर... आता सोड."

"आणि दमले तर?"

"दमलीस तर सांग. पण सांगितल्याशिवाय सोडू नको."

संध्याकाळपर्यंत दोघांचं तेच चाललं होतं. मी चहा पीत हा मोफतचा खेळ बघत होतो आणि माझ्याइतका सुखी माणूस त्या डोंगरावर दुसरा नव्हता. तरी लिव्हर किंचित मऊ लागत होता. शेवटी गणूनं सायकलच्या ट्यूबची पट्टी कापली आणि लिव्हर मुठीला आवळून बांधला. "रातभर असाच ऱ्हाऊ दे. सकाळी सोडला की उरलेली हवा वर येते." त्या रात्री झोपेतच त्याचं हृदय थांबलं.

दिवसकार्य झालं. मुंबईची माणसं परत गेली. कधी शेजारच्या जीपमधून, कधी पोलादपूरहून रिक्षा मागवून वहिनी महाडला येत राहिल्या. मग एक खेप चुकली. मग दुसरी. फोन केला तर म्हणाल्या, "कशाला आता?" मी धावत वर गेलो. वहिनी ओटीवर बसलेल्या, पाय सुजून टम्म, धाप लागलेली. मी हात जोडले, रागावलो, हसवून पाहिलं, आयुष्यभरात जमवलेल्या सगळ्या नकला करून पाहिल्या. "नाटक नको, भाऊजी," एवढंच त्या म्हणाल्या. माझ्याजवळ मग काहीच उरलं नाही. मी त्या ओटीवर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.

पडवीत गाडी उभी होती. लिव्हर तसाच बांधलेला, कुणालाही त्यांनी हात लावू दिला नव्हता. किती वेळानं कोण जाणे, वहिनी भिंतीला धरत उठल्या, गाडीशी गेल्या आणि त्यांनी स्वतः ती पट्टी सोडली. लिव्हर टक्कन पुढे आला. त्यांनी तो दाबला. पुन्हा दाबला.

"कडक हाय," त्या म्हणाल्या. "निघाली हवा..." आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "काढा गाडी."

आता आठवड्यातून दोनदा मी वाडीवर जातो आणि त्यांना त्याच गाडीवरून डायलिसिसला नेतो. निघण्याआधी वहिनी पुढे येतात, लिव्हर दाबतात आणि बराच वेळ तसाच धरून ठेवतात. त्यांनी सोडल्याशिवाय मी किल्ली लावत नाही. परवा मेकॅनिकला गाडी दाखवली. ब्रेक उत्तम आहे म्हणाला, हवा काढणाऱ्याचा हात चांगला होता. पण तेल जुन्या, उघड्या राहिलेल्या बाटलीतलं भरलंय, त्यात ओल शिरलीय. पावसाळ्याच्या आत गणूनं भरलेलं सगळं काढून नवं भरावं लागेल, हवा पुन्हा पहिल्यापासून काढावी लागेल.

वहिनींना मी अजून सांगितलेलं नाही.